मॅरेथॉनचा बस्ता

मुंबई मॅरेथॉनला नाव नोंदवलं की माणूस पहिली धाव घेतो ती दुकानाकडे. शर्यत जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, हातात पाच-सहा महिने आणि बाहेर पाऊस कोसळतोय. अशा वेळी बूट बघायला जाणं हे धावण्याच्या सर्वांत जवळचं आणि तरीही अंग कोरडं ठेवणारं काम असतं. मग बस्ता बांधायला सुरुवात होते. लग्नात शालूपासून निघालेली खरेदी जशी आत्याबाईंच्या यजमानांच्या टोपीपर्यंत पोचते, तशी ही खरेदी बुटांपासून निघते आणि पोटरीला आवळणारे मोजे, बाटल्यांचा पट्टा, उपग्रहांशी बोलणारं घड्याळ, वजनाने पिसासारखा म्हणून किमतीने जड असलेला गॉगल असं करत करत पोटऱ्या कुटून देणाऱ्या मसाज गनपाशी थांबते. फरक इतकाच, की बस्ता बांधल्यावर लग्न हमखास लागतं.

माझं म्हणणं असं, की सामान निवडताना ‘याने मी किती वेगाने धावेन?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘हे नसेल तर उद्याचं धावणं बुडेल का?’ एवढंच विचारायचं. शर्यत जानेवारीत असली तरी तिचा निकाल जुलै ते डिसेंबरमधल्या पहाटांना लागतो, आणि या पहाटा ज्या कारणांनी बुडतात ती कारणं फार क्षुद्र असतात. टाचेवर फोड आला. मांडीला मांडी घासून कातडी सोलली. काल भिजलेला बूट आज वाळला नाही. काळोखात रस्ता खणून ठेवलेला दिसला नाही. पोटाने ऐन वेळी असहकार पुकारला. यातलं एकही कारण वेगाशी संबंधित नाही, आणि यातल्या एकाही कारणावरचा उपाय दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवलेला नसतो. उपाय असतात, पण ते मागच्या फळीवर, मेडिकलच्या दुकानात किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात. त्यांचा फोटो काढून कोणी गटावर टाकत नाही. व्हॅसलिनच्या डबीसोबत सेल्फी काढणारा धावपटू मला तरी भेटायचा आहे.

बुटांची गोष्ट मात्र वेगळी. बूट या कसोटीला उतरतात, कारण बूट नसतील तर बहुतेकांचं धावणं खरोखरच बुडेल. इथे लगेच एक आक्षेप येतो, आणि तो घेणाऱ्यांकडे पुरावेही भरभक्कम असतात. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन गेला. आपला शिवनाथ सिंग बऱ्याचदा पायांना नुसती पट्टी चिकटवून धावायचा. १९७८ साली जालंधरला त्याने नोंदवलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ कोणाला हलवता आला नाही, आणि या काळात बुटांच्या किती पिढ्या आल्या नि गेल्या याची मोजदाद नाही. त्याच्याही मागे जायचं तर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी अनवाणी शेतकऱ्यांना लांबच्या शर्यती धावताना पाहिलं. ही माणसं ऑलिम्पिकला नेण्याजोगी आहेत असं त्यांच्या मनाने घेतलं आणि १९२०च्या अँटवर्पला भारताचा चमू रवाना झाला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत. आज टाटांच्याच नावाने होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये एवढी वेळ नोंदवणाऱ्या हौशी धावपटूला सोसायटीत सत्काराची शाल मिळते, आणि तो घरी गेल्यावर शालीपेक्षा महाग बूट काढतो.

पण या कथांवरून बूट फेकून द्यायला निघालेल्यांनी थोडं थांबावं. या माणसांचे तळवे लहानपणापासून दगडमातीवर तयार झालेले होते. सामान त्यांच्याजवळही होतं, फक्त ते अंगचंच होतं. चाळीस वर्षं मोजे, चपला आणि लिफ्ट यांच्या सावलीत वाढलेले पाय डांबरी रस्त्यावर उघडे टाकणं म्हणजे बिकिलाचं अनुकरण नव्हे, हाडांच्या डॉक्टरांशी ओळख वाढवण्याचा मार्ग आहे. आणि बिकिलाने रोममध्ये बूट का घातले नाहीत, तर मिळालेले नवे बूट त्याला नीट बसत नव्हते. चार वर्षांनी टोकियोत, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडेही धड झालेले नसताना, तोच बिकिला बूट-मोजे घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. बसणारे बूट घालावेत, न बसणारे घालू नयेत, इतकाच निष्कर्ष यातून मला काढता येतो. दुर्दैवाने तो फुकट असल्यामुळे त्याची जाहिरात होत नाही.

‘बसणारे’ कसे ओळखायचे? दुकानात यासाठी एक यंत्र असतं. तुम्ही त्यावर उभे राहता, तळव्याचं रंगीबेरंगी चित्र पडद्यावर उमटतं आणि विक्रेता गंभीर चेहऱ्याने सांगतो की तुमचा पाय आतल्या बाजूला कलतो. पाय आतल्या बाजूला थोडा कलतोच, तो त्याचा स्वभाव आहे. पण पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखा आपला चेहरा पडतो आणि शांतीचा खर्च म्हणून आपण तीन हजार रुपये जास्त मोजतो. अमेरिकेच्या लष्कराने हा प्रश्न हजारो नव्या जवानांवर तपासला. काहींना तळव्याच्या कमानीनुसार निवडलेले बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा यंत्राला नमस्कार करून संध्याकाळी, म्हणजे पाय दिवसभराने थोडे सुजलेले असताना, दुकानात जावं, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडावी, दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या धावून बघाव्यात आणि जो बूट पायात आहे हे विसरायला होईल तो घ्यावा. रंग आवडला नाही तर उत्तमच. मागच्या वर्षीच्या नावडत्या रंगांवर सवलत असते.

आता कार्बनचे बूट. यांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे विज्ञान आहे हे मान्य केलं पाहिजे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कोलोराडो विद्यापीठातल्या चाचणीत कार्बनची पट्टी आणि नव्या प्रकारचा फोम असलेल्या बुटांनी ऊर्जेचा खर्च सरासरी ४ टक्क्यांनी कमी केला. २०१९ साली एलिउड किपचोगे व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर पळाला तोही अशाच बुटांत, आणि पुढच्याच वर्षी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला तळव्याची जाडी ४० मिलिमीटरच्या वर नको आणि पट्टी एकच हवी असा नियम करावा लागला. ज्या वस्तूवर बंदी घालावीशी वाटते ती खरीच चालत असणार, हा युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त त्या चाचणीतले १८ धावपटू कोण होते ते बघावं. त्यांना ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटरच्या वेगाने पळवलं होतं. यातला सर्वांत कमी वेग, म्हणजे ताशी १४, हा तीन तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्याचा वेग आहे. ताशी १० किलोमीटरला हे बूट तपासले तेव्हा फायदा जेमतेम टक्काभर भरला. आपला साडेपाच तासवाला तर त्याहूनही निवांत असतो. उदारपणे टक्का धरला तरी त्याचे तीन-साडेतीन मिनिटं वाचतात, आणि तेवढा वेळ तो सी लिंकवर फोटो काढायला थांबलेला असतो. वीस हजारांच्या घरातले बूट घेऊन वाचवलेली मिनिटं अशी पुलावर उधळून द्यायची असतील तर फोटोसाठी न थांबणं हा स्वस्त कार्बन झाला.

मात्र बुटांच्या बाबतीत माझी कसोटी एका उधळपट्टीच्या बाजूने कौल देते, आणि तो कौल प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. दोन जोड घ्यावेत. लक्झेंबर्गमध्ये हौशी धावपटूंवर केलेल्या अभ्यासात आलटून पालटून वेगवेगळे जोड वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. असं का होतं याची विद्वानांची कारणं काहीही असोत, आपल्याकडे दुसरं कारण आभाळातून पडतं. ज्याची शर्यत जानेवारीत, त्याचा सराव पावसाळ्यात. एका जोडाचा माणूस मंगळवारी भिजला की बुधवारी घरी बसतो. तेव्हा मध्यम किमतीचे दोन जोड हे महागड्या एकापेक्षा सरस, आणि त्यांच्याबरोबर वर्तमानपत्रांची रद्दी. ओल्या बुटात चुरगळलेले कागद कोंबावेत, दोन तासांनी बदलावेत, बूट पंख्याखाली ठेवावा. सकाळी बूट घालण्याजोगा होतो. वर्तमानपत्र मोबाइलवर वाचणाऱ्यांच्या घरात हे सामान मिळत नाही. त्यांनी शेजाऱ्यांशी संबंध सुधारावेत.

घर्षणाबद्दल लिहिताना लेखक लाजतात आणि म्हणून वाचक रक्तबंबाळ होतात. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, सुती बनियन तो पिऊन बसतं आणि मग ओलं कापड तेच ते कातडं हजारो वेळा घासतं. पंचवीस किलोमीटरनंतर पुरुषांच्या पांढऱ्या टी-शर्टावर छातीशी दोन लाल ठिपके दिसतात, ते डिझाइन नसतं. काखेत, जांघेत, मांड्यांच्या आत व्हॅसलिन, छातीवर मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी आणि पायात सुती नसलेले, शिवण न टोचणारे मोजे, एवढ्याने प्रश्न मिटतो. शर्यतींतून फुकट मिळालेले पॉलिएस्टरचे टी-शर्ट इथे उपयोगी पडतात, मग छातीवर कुठल्या सिमेंटची जाहिरात असेना का. बायकांच्या बाबतीत तर दुकानांचा प्राधान्यक्रम सरळ उलटा आहे. २०१२च्या लंडन मॅरेथॉनमधल्या धावपटू स्त्रियांच्या पाहणीत साधारण तिघींपैकी एकीने स्तनांच्या वेदनेची तक्रार सांगितली होती. म्हणजे नीट मापाची, घट्ट आधाराची स्पोर्ट्स ब्रा ही बुटांच्या बरोबरीची वस्तू झाली. ती दुकानात कुठे असते? मागे, कोपऱ्यात, ‘स्मॉल, मीडियम, लार्ज’ या तीन मापांत. आणि दारातच, दिव्यांच्या झोतात, ३५ प्रकारची घड्याळं.

घड्याळांवर माझा राग नाही, पण त्यांच्या अहंकारावर आहे. शर्यत संपल्यावर अंतिम रेषेपलीकडे काही मंडळी मनगट उंचावून आयोजकांशी भांडत असतात, की मार्ग ४२.१९५ नव्हे, ४२.९ भरला. त्यांना माहीत नसतं की मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग सायकलने मोजतात. चाकाला जोन्स काउंटर नावाचं दंतचक्रांवर चालणारं छोटं मोजणी-यंत्र लावलेलं असतं, आणि मोजणारा प्रत्येक वळणाची आतली कड धरून सर्वांत जवळच्या वाटेने सायकल चालवतो. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, अंतर कमी भरू नये म्हणून. धावणारा मात्र पाण्याच्या टेबलाकडे, ओळखीच्या माणसाकडे आणि सावलीकडे वळत वळत जातो, आणि उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून घड्याळाकडे पोचतो. सायकल बरोबर असते. घड्याळाने सांगितलेले आकडे पवित्र मानायच्या आधी त्यांचं कूळ विचारावं. रोज दहा हजार पावलांचा आकडा टोकियो ऑलिम्पिकनंतरच्या वर्षी, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकताना प्रचारात आणला. तो वैद्यकातून आला नव्हता, यंत्राच्या नावातून आला होता.

पाण्याच्या बाबतीत बस्ता थेट धोकादायक होऊ शकतो. कमरेला चार बाटल्या असल्या की त्या संपवायच्या असतात असा समज होतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं. वाटेत भरपूर पाणी पिऊन शर्यतीअखेर ज्यांचं वजन वाढलं होतं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले होते, त्यांना हा धोका अधिक होता. म्हणजे पुन्हा आपलीच मंडळी. तहान लागेल तसं प्यावं, आणि लांबच्या सरावात मिठाची सोय असावी. त्यासाठी ओआरएसची पुडी पुरते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत हजारो जीव ज्या मीठ-साखरेच्या पाण्याने वाचवले, तीच ही. फक्त पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते बघावं. त्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांनी ‘ओआरएस’ हे नाव लावू नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२५ मध्ये बजावावं लागलं. खाण्याचंही तेच. एका जेलच्या पाकिटात साधारण २०-२५ ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि एका मध्यम केळ्यातही तेवढीच. केळं जेलच्या एक दशांश किमतीत मिळतं, त्याचं पाकीट निसर्गाने दिलेलं असतं आणि ते रस्त्यात टाकलं तर मागच्याचा पाय घसरतो, एवढाच त्यातला दोष. शर्यतीत जेल घेणार असाल तर सरावातही घ्या, नाहीतर पस्तीस किलोमीटरनंतर पेडर रोडच्या चढावर पोट आपलं मत मांडतं.

‘अहो, पण खरेदीने उत्साह येतो त्याचं काय?’ हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो खरा आहे. नवा बूट घरात आला की माणूस दुसऱ्या दिवशी लवकर उठतो. प्रश्न तिसऱ्या दिवसाचा आहे. आणि वस्तू जशी माणसाला बाहेर काढते तशी ती अडवूनही ठेवते. ‘घड्याळ चार्ज नव्हतं म्हणून गेलो नाही, नोंदच झाली नसती,’ हे वाक्य सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोणालाही ऐकायला मिळेल. याचा अर्थ असा, की काही वस्तू नसतील तर धावणं बुडतं, काही नसतील तर काही बिघडत नाही आणि काही वस्तू असल्यामुळेच धावणं बुडतं. हा तिसरा वर्ग सर्वांत महाग असतो. आवळणाऱ्या मोज्यांना आणि मसाज गनला मी दुसऱ्या वर्गात बसवतो. वेग वाढल्याचा धड पुरावा नाही, पण बरं वाटत असेल तर घालावेत, कुटून घ्यावं. अर्ध्या तासाची जादा झोप जास्त काम करते, पण तिला ब्लूटूथ नाही. दुसरीकडून काटकसरवाले म्हणतात की फुटक्या बुटांत धावण्यातच खरी तपश्चर्या. तीही मिरवणूकच आहे, फक्त हिच्यात बँड नाही.

पहाटेच्या काळोखासाठी चमकणारी पट्टी आणि डोक्याला बांधायचा छोटा दिवा दोन्ही घ्यावेत. ते गाड्यांना आपण दिसावं म्हणून आणि आपल्याला गटाराचं झाकण दिसावं म्हणून. इअरफोन लावलाच तर एकाच कानात, कारण दुसरा कान कुत्र्यांसाठी राखीव असतो. कुत्र्यांचा मॅरेथॉनशी संबंध जुना आहे. १९०४च्या सेंट लुई ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेचा लेन ताउन्याने हा धावपटू नववा आला, तोही कुत्र्यांनी त्याला मार्ग सोडून भलतीकडे पळवल्यानंतर. याच शर्यतीत क्युबाचा फेलिक्स कार्वाहाल लांब पँट गुडघ्याशी कापून, रोजचे जाड बूट घालून धावला आणि चौथा आला. कुत्र्यांवर दुकानात काही मिळत नाही. थांबावं, चालावं, त्यांच्याकडे टक लावून बघू नये, आणि रोज एकाच वेळी जावं म्हणजे आठवडाभरात त्यांनाच आपला कंटाळा येतो.

शेवटची वस्तू कुठल्याच यादीत नसते, ती म्हणजे रोख पैसे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवलेली शंभराची नोट आणि थोडी नाणी. मोबाइल घामाने भिजला की बोटाचा ठसा ओळखत नाही, आणि पहाटे साडेपाचला शौचालयाच्या दाराशी बसलेला माणूस क्यूआर कोडच्या बाबतीत फारसा उत्साही नसतो. पॉला रॅडक्लिफला २००५च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या कडेलाच थांबावं लागलं होतं, तरी ती २ तास १७ मिनिटं ४२ सेकंदांत जिंकली. आपण त्या वेगाचे नाही, तेव्हा लोक आपल्याला विसरणार नाहीत, नाणी ठेवावीत. उरलेली नोट परतीसाठी. अठराव्या किलोमीटरला गुडघा बोलू लागला की हट्टाने लंगडत घरी येण्यात पुढचे तीन आठवडे जातात, आणि रिक्षात बसण्यात फक्त मान जातो. मरीन ड्राइव्हवर सराव करणाऱ्यांनी नोट जरा मोठी ठेवावी. तिकडे रिक्षा येत नाही, टॅक्सी करावी लागते.